हजरभाऊंच्या घराची पाहणी

आमच्या नाटक कंपनीत तलवारीपासून टाचणीपर्यंत रंगमंचावर जे जे लागायचं, ते सगळं एका माणसाच्या ताब्यात होतं. त्याचं कागदावरचं नाव कुणी पुकारलं, तर आम्ही सगळे इकडेतिकडे बघायचो, आणि तोही बघायचा. आमच्यासाठी तो हजरभाऊ. विंगेत उभं राहून नुसतं पुटपुटायचं, "भाऊ, पत्र!" की कानामागून आवाज यायचा, "हजर!" आणि पत्र हातात. मुकुट? हजर. विषाचा पेला? हजर. तान्हं बाळ? तेही हजर, फक्त रडायचं काम आमच्याकडे.

मी बहुतेक नाटकांत राणी असायची. माझं राज्य, खजिना, सैन्य, सगळं हजरभाऊंच्या लाकडी पेटाऱ्यात. एका नाटकात मला लोखंडी तिजोरी उचलून नवऱ्याच्या अंगावर फेकायची होती. तिजोरी अशी बनवली होती, की पहिल्या रांगेतल्या माणसाने दचकून पाय वर घ्यावेत. आणि मी ती करंगळीने उचलू शकत होते. "वस्तू जड दिसली पाहिजे, बाईसाहेब," ते म्हणायचे, "उचलली की हलकी लागली पाहिजे. नटाचे हात उद्याच्या प्रयोगालाही लागतात." मी राणी म्हणून बाईसाहेब. पुढे राज्य गेलं, गुडघे गेले, पण त्यांच्या तोंडी बाईसाहेब राहिलेच.

त्यांची सगळ्यांत लाडकी वस्तू म्हणजे नळ. एका कौटुंबिक नाटकात नायिका भांडणानंतर हात धुते. इतर कंपन्यांत नटी नुसती बोटं चोळायची. हजरभाऊंनी खोट्या भिंतीमागे पत्र्याचा डबा टांगला, त्याला रबरी नळी लावली, आणि नळ फिरवला की खरं पाणी! अर्धा पेला भरेल एवढंच, पण खरं. पहिल्या प्रयोगाला त्या नळाला टाळी पडली. त्याआधी मी पानभर स्वगत म्हटलं होतं, त्याला नाही पडली. मी चिडले, तर हजरभाऊ म्हणाले, "रडणं लोक घरीही बघतात, बाईसाहेब. नळाला पाणी कुठे बघायला मिळतं?"

खरं होतं ते. आमच्या इमारतीत आजही नळ फक्त खाली अंगणात आहे. पाणी पहाटे येतं आणि उन्हं वर यायच्या आत जातं. मी पहिल्या मजल्यावर, एकटी; माझं एका बादलीत भागतं. हजरभाऊ आणि वहिनी माझ्या बरोबर डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. पहाटे वहिनी माझ्या दारावरून बादल्या घेऊन वर जायच्या, त्या पावलांनी मला जाग यायची. आधी एक पाय, मग दुसरा, मग बादली टेकल्याचा आवाज, मग श्वास. हजरभाऊ तेव्हा झोपलेले असायचे. आयुष्यभर प्रयोग संपवून उशिरा घरी आलेला माणूस. कंपनी बंद पडली, तरी शरीराला कुणी सांगितलं नाही. ते उठायचे तेव्हा हंडे भरलेले असायचे, झाकणं लावलेली असायची, आणि वहिनी केस विंचरून चहा ठेवत असायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांना छळायची. जिना कायम ओला. "मालकाला मी कितीदा सांगितलं," ते मला म्हणायचे, "भिंतीत कुठेतरी गळती आहे. या कडेच्याच पायऱ्या ओल्या राहतात." एकदा त्यांनी अंगणातल्या पोरांनाही दम भरला, पिचकाऱ्या उडवता म्हणून. वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. चिमटे तोंडात होते, म्हणून असेल, काही बोलल्या नाहीत.

त्यांचा मुलगा दूरच्या देशात असतो. पोरगा वाईट नाही. पण व्हिडिओवर बोलायला लागला की घर दाखवायचा. "बाबा, हा बघा, दार उघडलं की आपोआप बर्फ पडतो. आई, हे बघ गरम पाणी, नुसतं फिरवलं की येतं." आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "तुम्ही तिकडे जगताय, त्याला काय जगणं म्हणायचं का?" वहिनी हसून म्हणायच्या, "जेवलास का?" हजरभाऊ मात्र फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी उभे राहायचे. पोराच्या तोंडून ते वाक्य आलं, की त्यांना आपल्या प्रयोगाला मध्येच उठून गेलेला प्रेक्षक आठवत असावा.

अशात एक दिवस ती मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पायांत झिजलेल्या चपला. आधी माझ्याच दाराशी आली. "आजी, वरच्या मजल्यावरचं शेवटचं घर कुठलं?" मी तिला वर घेऊन गेले.

"काका, ही एक पाहणी आहे," तिने सांगितलं. पाठ केलेलं भाषण पहिल्यांदाच म्हणणाऱ्या नटीसारखी ती जरा घाईत होती. "वेगवेगळ्या देशांत लोकांचं राहणीमान कसं आहे, लोक किती समाधानी आहेत, ते एकसारखं मोजतात. तुमचं घर चिठ्ठीत निघालंय. परवा दुपारी येऊ का?"

"वेगवेगळ्या देशांत?" हजरभाऊ सावरून बसले. मुलाच्या देशाचं नाव घेऊन त्यांनी विचारलं, "तो आहे का त्यात?"

"आहे ना."

"आणि प्रश्न?"

"हेच. शब्दाला शब्द."

"म्हणजे संहिता एक, आणि प्रयोग सगळीकडे!" त्यांचे डोळे चमकले. "आणि मग काय करतात?"

"मग एकाखाली एक देश लावतात."

"एकाखाली एक," हजरभाऊ पुटपुटले. मुलगी गेल्यावरही ते तेच घोळवत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. नवीन नाटकाचं वाचन संपल्यावर त्यांचा चेहरा अस्साच व्हायचा. मनात सामान मांडायला सुरुवात झालेली असायची.

बंद नाट्यगृहाच्या मागे कंपनीचं कोठार आहे; आमच्या अंगणातून पलीकडे गेलं की आलंच. त्याची किल्ली हजरभाऊंकडेच राहिली, कारण दुसऱ्या कुणाला ती नकोच होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोठार उघडलं आणि एकेक वस्तू वर न्यायला सुरुवात केली. प्लायवुडचा पांढरा फ्रिज, ज्याला पुढून दार होतं आणि मागून काहीच नव्हतं. कपडे धुण्याचं यंत्र, त्याच्या गोल काचेमागे रंगवलेले कपडे. पुस्तकांचं कपाट, सगळी पुस्तकं एकाच फळीवर कोरलेली. माझ्याकडून आरामखुर्ची मागून नेली. शेवटी भिंतीला दोन स्क्रू मारून नळ बसवला, डबा पडद्यामागे टांगला.

"अहो, ते मोजायला येणार आहेत," वहिनी म्हणाल्या, "नाटक बघायला नाही."

"बघूनच मोजतात ना?"

"मग मलाही रंगवा जरा. या साडीत मी तुमच्या फ्रिजशेजारी शोभणार नाही."

"तू नुसती बसून राहा. तुला संवाद नाहीत."

वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. "ऐकलंत, ताई? इतकी वर्षं कंपनीवाल्याबरोबर काढली, अजून संवाद नाहीत."

ते मात्र आपल्याच तंद्रीत. आरामखुर्ची कुठे ठेवायची यावर त्यांनी बराच विचार केला. प्रेक्षक कुठे बसणार ते आधी ठरवायचं, मग सामान मांडायचं, ही त्यांची जुनी पद्धत. खुर्चीत बसून बघितलं, की फ्रिजची पुढची बाजू दिसत होती, मागची भिंत नाही. नळ दिसत होता, हंड्यांची रांग दिसत नव्हती. हंड्यांवर त्यांनी फळी आणि चादर टाकून त्यांचा दिवाण केला होता. खिडकीचा पडदा ओढून एकच दिवा अशा कोनात लावला, की प्लायवुडवर पत्र्याची चकाकी यावी. खरं सांगते, काम सुरेख होतं. मी दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, म्हातारपणी हौस करतोय माणूस, करू दे.

मुलगी आली, खुर्चीत बसली आणि अवघडून चपला खुर्चीखाली सरकवल्या. हजरभाऊ दिव्याच्या वायरला धरून उभे. वायर जरा सैल होती.

"घरात फ्रिज आहे?"

"हजर!"

"कपडे धुण्याचं यंत्र?"

"हजर!"

तिला हसू आलं, आणि एकामागून एक खुणा होत गेल्या. "पिण्याचं पाणी कुठून येतं?"

हजरभाऊ भिंतीकडे वळले. चालत गेले, नळ फिरवला, खळकन पाणी आलं. अर्धा पेला भरला आणि अदबीने तिच्यापुढे धरला. उन्हातून आलेली पोर, घटाघट प्यायली. "घरातच नळ," असं म्हणत तिने टॅबवर बोट टेकवलं. "मग पुढचे दोन प्रश्न लागत नाहीत. नळ घरात असला, की ते आपोआप गळतात."

"कुठले प्रश्न?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही काकू, पाणी बाहेरून आणावं लागत असेल, त्यांच्यासाठी असतात ते."

"अस्सं," वहिनी म्हणाल्या आणि चादर टाकलेल्या हंड्यांवर नीट सावरून बसल्या.

शेवटचे प्रश्न घरातल्या एकाच माणसाला विचारायचे होते. टॅबने आपली चिठ्ठी काढली आणि नाव वहिनींचं आलं. मुलगी चाचरत म्हणाली, "काका, हे एकट्यांना विचारायचे असतात. तुम्ही जरा बाहेर…"

"मी इथेच आहे, मी कुठे मध्ये बोलतोय?" हजरभाऊ वायर सोडायला तयार नव्हते. मुलगी नवीन, भिडस्त. तिने सोडून दिलं. वहिनींपुढे तिने एका शिडीचं चित्र धरलं.

"काकू, सगळ्यांत वरची पायरी, दहावी, म्हणजे तुम्हाला मिळू शकलं असतं ते सगळ्यांत चांगलं आयुष्य. सगळ्यांत खाली, शून्य, म्हणजे सगळ्यांत वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात असं तुम्हाला वाटतं?"

"पायऱ्यांचं मलाच बरं विचारलंत," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी वर बघितलं. हजरभाऊ दिव्याखाली चवड्यांवर उभे होते, श्वास धरून, विंगेतून नटीला शब्द पुरवायला उभे असल्यासारखे. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आठ."

मुलगी जिना उतरली असेल नसेल, तोच हजरभाऊ म्हणाले, "आठ? अगं, दहा म्हणायला काय झालं होतं?"

"दोन तुमच्या मुलासाठी ठेवल्या. त्याला कमी पडायला नकोत."

दुसऱ्याच दिवशी सामान परत कोठारात गेलं, कारण फ्रिजमुळे खोलीत चालता येईना. माझी खुर्ची आली. मी सगळं विसरूनही गेले.

मग साधारण आठवड्याने, दुपारी, जिन्यावर दोघींची पावलं वाजली. पुढे एक पोक्त बाई होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला. मागे तीच मुलगी, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. तिचा चेहरा बघून मीही मागोमाग वर गेले.

"मी यांची पर्यवेक्षक," बाई म्हणाल्या. "काही घरं आम्ही न कळवता पुन्हा तपासतो." आणि त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. पडदा उघडा होता. उजेडात सगळं जसं होतं तसं दिसत होतं. एक पलंग, एक ट्रंक, शेगडी, आणि भिंतीला लागून झाकणं ठेवलेल्या हंड्यांची रांग.

"फ्रिज कुठे आहे?"

हजरभाऊ झोपेतून उठल्यासारखे उभे होते. "दुरुस्तीला दिलाय."

"कपडे धुण्याचं यंत्र?"

"तेही. दोन्ही एकदमच बिघडली."

"पुस्तकांचं कपाट?"

"ते… वाचायला नेलंय एकाने."

वहिनींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. हसताहेत की काय, मला कळेना.

"आणि नळ?" बाईंनी विचारलं. भिंतीवर स्क्रूची दोन भोकं होती. हजरभाऊ त्या भोकांकडे बघत राहिले. नळ काही दुरुस्तीला जात नाही.

बाई त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. त्या वळल्या मुलीकडे. "घरी बसून भरलंस हे."

"नाही मॅडम! मी आले होते. या काकांनी सगळं दाखवलं मला. मी पाणी प्यायले इथलं!"

"कुठलं पाणी? या भोकांतलं?"

"काका, सांगा ना तुम्ही!"

आयुष्यभर ज्या माणसाने कुणाच्या हाकेला 'हजर' म्हणायचं चुकवलं नाही, तो गप्प उभा. ओठ हलले, आवाज नाही. रंगमंचावर मी माणसं गप्प झालेली पाहिली आहेत, शब्द विसरलेली. हे तसं नव्हतं. याला शब्द आठवत होते, आणि म्हणूनच तो गप्प होता.

"उद्यापासून येऊ नकोस," बाई मुलीला म्हणाल्या. "आणि तुझी आजवरची सगळी घरं बाद. पुन्हा कुठे हे काम मिळेल, अशी आशा ठेवू नकोस."

मुलगी रडली नाही. ती नुसती हजरभाऊंकडे बघत राहिली. मला राहवेना, मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. "त्यांना बोलू द्या, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "हा त्यांचा प्रवेश आहे."

 "थांबा," हजरभाऊ एवढंच म्हणाले आणि चप्पल न घालता जिना उतरले.

आम्ही गॅलरीतून बघत होतो. ते अंगण ओलांडून कोठारात गेले आणि बाहेर आले ते खांद्यावर फ्रिज घेऊन. भर दुपार, अंगण माणसांनी भरलेलं. बायका धुणं धूत होत्या, इस्त्रीवाला दारात उभा होता. "अरे, हजरभाऊंच्या अंगात काय आलं!" इस्त्रीवाला ओरडला. "एकट्याने फ्रिज उचलला या वयात!" कुणी शिट्टी मारली, पोरं टाळ्या पिटत मागे लागली. हजरभाऊ मान खाली घालून चालत होते. जिन्याच्या तोंडाशी फ्रिज कठड्याला लागला, दार उघडून लोंबकळलं, आणि आतून सगळ्यांना पलीकडचं अंगण दिसलं. आधी एक हसू उठलं. मग लोकांना काहीतरी उमगलं असावं, कारण ते अर्ध्यातच तुटलं. हसले असते तर बरं झालं असतं. खाली गप्प उभ्या असलेल्या माणसांमधून त्यांना तो पोकळ डबा वर आणावा लागला.

खोलीत आणून त्यांनी तो जिथे आधी होता तिथेच ठेवला. बाईंनी दार उघडलं. आत भिंत.

"पोरीने जे पाहिलं तेच लिहिलं," हजरभाऊ म्हणाले. माझ्या ओळखीचा आवाज नव्हता तो. शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा तर नव्हताच. "मी मांडलं, ते तिने पाहिलं. नळही खोटा होता. कोठारात आहे, आणून दाखवतो. तिला काढू नका."

"पण का केलंत असं?"

"एकाखाली एक देश लावणार, असं कळलं. आपला खाली जायला नको, निदान माझ्या घरामुळे तरी."

"अहो, ही काही स्पर्धा नाही."

"एकाखाली एक लावता, आणि स्पर्धा नाही?"

 बाईंनी चष्मा काढून पुसला आणि मुलीला म्हणाल्या, "पहिल्यापासून विचार. सगळे प्रश्न. या वेळी उभी राहा, बसू नकोस, आणि प्रत्येक दार उघडून बघ."

मुलीने टॅब उघडला. फ्रिज, नाही. यंत्र, नाही. हजरभाऊ प्रत्येक प्रश्नाला "नाही" म्हणत होते आणि दरवेळी जरासे आक्रसत होते. पण त्यांना वाटत होतं, लाजेचं जे व्हायचं ते अंगणात होऊन गेलं. मलाही तसंच वाटत होतं.

"पिण्याचं पाणी कुठून येतं?"

"खालच्या नळावरून."

मागच्या वेळी गळलेले प्रश्न आता आले. "पाणी कोण आणतं?"

"येतं," हजरभाऊ म्हणाले.

"येतं म्हणजे, काका? वर कोण आणतं?"

"म्हणजे… सकाळी असतं. भरलेलं असतं." त्यांनी हंड्यांकडे हात केला. ते खोटं बोलत नव्हते. तेच तर भयंकर होतं. त्यांना खरंच दुसरं उत्तर येत नव्हतं.

मुलीचं बोट टॅबवर अडलं. "तसा पर्याय नाही यात. माणसाचं नाव लागतं."

"मी आणते," वहिनी म्हणाल्या. "घरात तिसरं माणूस नाही, मग दुसरं कोण आणणार? मीच." आवाज चढवला नाही, टोमणा नाही. जेवायला वाढलंय म्हणावं, तसं.

"रोज किती वेळ जातो, काकू?"

"कधी मोजला नाही. उजाडायच्या आत खाली जाते. मांडी दुखायला लागली तेव्हापासून जास्त लागतो, मध्ये दोनदा टेकते. पाणी सांडतं थोडं जिन्यात. हे मालकाशी भांडतात ना गळती म्हणून, ती मीच."

मी हजरभाऊंकडे बघायचं टाळलं. कितीही जवळचा माणूस असला, तरी काही वेळा त्याच्याकडे न बघणं एवढंच आपल्याला करता येतं.

शिडीचा प्रश्न आला तेव्हा बाईंनी आम्हाला सांगायच्या आधीच हजरभाऊ उठले. आम्ही दोघं बाहेर जिन्यात जाऊन बसलो. आत दार लागलं. हजरभाऊंनी शेजारच्या पायरीवर तळहात टेकवला. कडेचा भाग अजून दमट होता. त्यांनी हात उचलला, बघितला, आणि धोतराला पुसायचं सोडून तसाच मांडीवर उताणा ठेवला.

"बाईसाहेब, तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, भाऊ."

 आतून वहिनींचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा मुलगी हसली.  मग बराच वेळ वहिनीच बोलत होत्या. त्यांना संवाद मिळाले होते, आणि आम्ही दोघं बाहेर होतो.

दार उघडलं. बाई मान हलवून उतरल्या. मुलगी आमच्यापाशी थांबली.

"पोरी, तुझं काम?"

"राहिलं, काका. मॅडम म्हणाल्या, पुन्हा माणसाला एकट्यात विचारायचं विसरलीस तर बघ." तिने फ्रिजकडे मान वळवली. "खाली न्यायला हात लावू का?"

"नको," हजरभाऊ म्हणाले. "हलका आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती वेगळ्याच पावलांनी. धपधप, मग बादली कुठेतरी आपटली, मग खळकन काहीतरी सांडलं. मी दार उघडलं. हजरभाऊ अर्धी बादली घेऊन माझ्या उंबऱ्याशी उभे, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. खालून नळावरच्या बायकांचा आवाज येत होता: "फ्रिजभाऊ, पाणी खरं आहे ना? बघून घ्या हो!" त्यांनी ऐकलं आणि गिळलं.

"बाईसाहेब," धापा टाकत ते म्हणाले, "हे आतून पोकळ करता येत नाही हो. जितकं जड दिसतं, तितकंच लागतं."

वर वहिनी दारात उभ्या होत्या. बादलीत डोकावून म्हणाल्या, "बाकीचं जिन्याला पाजलंत वाटतं." आणि बाजूला झाल्या. मी जाऊन आणते, असं काही म्हणाल्या नाहीत. मला ते आवडलं.

त्यानंतर पाणी तेच भरतात. सांडतं अजूनही, पण मालकाकडे तक्रार गेलेली नाही. फ्रिजभाऊ हे नाव मात्र चिकटलं. इस्त्रीवाला आजही हाक मारतो, आणि ते खाली मान घालून "हं" म्हणतात. 'हजर' मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

पुढे कधीतरी मुलाचा फोन आला. मी तिथेच होते. "बाबा, ती देशांची क्रमवारी आली! बघितलीत? आपण कुठे आहोत ते बघा, शोधायला खाली खाली जावं लागतं!" तो हसत होता. पूर्वीचे हजरभाऊ असते, तर भांडले असते. ते म्हणाले, "बरोबर असेल." पलीकडचं हसू थांबलं. मग पोराने हळू विचारलं, "आई, बाबांना बरं नाही का?"

"बरे आहेत," वहिनी म्हणाल्या. "जेवलास का?"

त्या दुपारी वहिनींनी दाराआड कुठली पायरी सांगितली, ते कुणालाच ठाऊक नाही. आठ नव्हती, एवढं नक्की. हजरभाऊंना ते विचारायचं आहे, हे मला दिसतं. संध्याकाळी आम्ही तिघं गॅलरीत बसतो. ते घसा साफ करतात, वहिनींकडे वळतात, तोंड उघडतात, आणि म्हणतात, "चहात साखर कमी झाली का गं?" किंवा, "उद्या ऊन पडेल का?" वहिनी त्या प्रश्नाचं नीट उत्तर देतात आणि पुन्हा निवडायला घेतलेल्या धान्याकडे वळतात.

ते आत गेल्यावर मी म्हटलं एकदा, "सांगून टाका ना. किती दिवस झुलवणार त्या माणसाला?"

"मी कुठे झुलवते, ताई?" वहिनी म्हणाल्या. "विचारलं, की सांगणार आहे. प्रश्न त्यांना तोंडपाठ आहे. विंगेत उभे राहतात, आणि एन्ट्रीच घेत नाहीत."